पी. पी. नंबर

रात्री एक ते चार. दवाखान्यानं एवढीच वेळ दिली आहे.
चारशे बारा फोन, सात मजले,
तळघरातली एक थंडगार खोली आणि आम्ही दोघं,
मी आणि धोटे,
धोट्याच्या डब्यात गार झालेला आलूभात.

चौथ्या आवृत्तीचे पत्ते कधीचेच संपलेत.
इतकी वर्षं एका पत्त्यामागे
अख्खी इमारत लपवून दिवस काढले.
आता सहावी. आता प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता,
इतका लांब की वाचून दाखवताना
धोटे मध्येच एकदा श्वास घेतो.
शून्यांची रांग लागली की नुसते दोन विसर्ग, शेजारीशेजारी,
म्हणजे इथं कोणी राहत नाही, पुढं चला.

माझ्या आईचा पत्ताही लांबच होता.
प्लॉट नंबर एकशे सदतीस, भाग्योदय ले-आउट,
पाण्याच्या टाकीमागे, मानेवाडा.
खाली सहा आकडी फोन, आणि कंसात पी. पी.
म्हणजे सातपुत्यांचा,
दिवाणखान्यात, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला.
रविवारी नऊला बाबा बल्लारपूरहून लावायचे.
सातपुत्यांचा बबन गल्लीत येऊन ओरडायचा, "काकू, फोन!"
पाच दारांतून पाच काकू बाहेर यायच्या.
मग तो बोट दाखवायचा.

आई उभ्यानंच बोलायची,
डावा पंजा तोंडाशी आडवा धरून.
सातपुते पेपर वाचत बसलेले,
पान मात्र उलटत नसत.
"हो," आई म्हणायची. "हो. नाही. हो."
तिकडं बाबांना वाटायचं, घरी सगळं ठीक आहे.

दोन चाळीसला सातव्या मजल्यावरून
सिस्टर कुंभलकर जिने उतरून आल्या.
"त्यायचा आवाज येऊन राहिला न बाप्पा,
माझा त्यायले जाऊनच नाही राहिला."

एकतर्फी. हा आजार आम्हाला ठाऊक आहे.
कॉल उघडून पाहिला.
लिफाफ्यावर नवा पत्ता, आतल्या चिठ्ठीत अजून जुनाच,
'आवाज इथं पाठवा' या ओळीत
सहाच्या जागी चार.
तो बदलला. तरी सिस्टर मुक्याच.

मग अर्धा तास.
धोटे म्हणाला, जुना प्रोग्राम आहे, कोणीतरी लिहून निघून गेलेला,
तो पहिल्या टिंबांशी पत्ता तोडतो
आणि उरलेलं सगळं दाराचा नंबर समजतो.
म्हणजे पोस्टमननं 'प्लॉट' एवढंच वाचावं
आणि बाकीच्या नागपुरात खोली शोधत फिरावं.

दुरुस्ती दोन खुणांची.
पत्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. चौकटी कंस.
"एवढंच?"
"एवढंच."

तीन पस्तीस. सात-शून्य-चार.
"येतो का आता माझा आवाज?"
"स्वच्छ येतो, सिस्टर."
त्यांनी फोन ठेवला नाही. खाली मॉनिटरची टिकटिक ऐकू येत होती.
"म्हणजे आता मधात कोणी नाही न?"
मी म्हटलं, पत्ता तुमचा झाला.
कडी वेगळी लावावी लागते, ती लावतोय.
तेवढं खरं बोलले.
जुने एकोणतीस फोन नवी भाषा शिकणारच नाहीत,
त्यांच्यासाठी मध्ये दुभाषा बसवलाय,
हे नाही बोलले.

सहाला घरी आले. कूलर घरघरत होता, बाबा झोपलेले.
बाबा आता कायमचे इथंच असतात,
त्यामुळे फोनची गरज उरलेली नाही,
बोलण्याचीही फारशी नाही.
आई मागच्या खोलीत, स्वतःच्या मोबाईलवर,
मावशीशी.
मी इतकी वाक्यं तिच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती,
एकही 'हो' नव्हता त्यात.

डावा पंजा तोंडाशी आडवा.
चाळीस वर्षांचा एकच कंस, उघडाच राहिलेला.

दुसरा मी,
दार हळूच ओढून घेतलं.